पाच आटे बोटांनी

"सारखं आहे," मी म्हणालो आणि कानातली रबरी नळी काढली.

"दोन्ही?" दस्तगीर मिस्त्रींनी विचारलं.

"दोन्ही. झालं."

"मागचा जरा उतरलाय," दारातून कुणीतरी म्हणालं.

मी वळून बघितलं. शेजारच्या लेथवाल्याकडं काम घेऊन आलेला एक माणूस आमच्या दारातल्या जुन्या टायरवर बसला होता. तिशीच्या आतला, किडकिडीत, पांढरा सदरा, मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेली पितळी चकती. लेथवर नंबर लागेपर्यंत तो आमच्याकडं सावलीला बसला होता एवढंच. त्याला कुणी काही विचारलेलं नव्हतं.

"काय उतरलाय?" मी म्हणालो.

"मागचा आवाज. पुढचा चढा आहे, मागचा पाव सूर खाली. माफ करा, मधे बोललो."

ही गोष्ट अठ्ठ्याऐंशी सालची, कोल्हापूरच्या उद्यमनगरातली. गणपती नुकतेच बसले होते. समोर उभी होती ती डॉक्टर टिकेकरबाईंची एमजी टीडी, एक्कावन्न सालची, दोन माणसांपुरती, टप उघडणारी, गडद हिरवी. तिच्या इंजिनाला दोन कार्बोरेटर. दोन्हींनी हवा अगदी सारखी ओढली पाहिजे, नाहीतर गाडी थरथरते आणि चढाला रडते. सारखी ओढतात की नाही हे कळायला मिस्त्रींकडं यंत्र नव्हतं. हातभर रबरी नळी होती. एक टोक कानात, दुसरं टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी धरायचं आणि हवेचा सुस्कारा ऐकायचा. आधी पुढचा, मग मागचा. दोन्ही सुस्कारे जुळेपर्यंत बारीक स्क्रू फिरवायचा.

मिस्त्रींचा कान एके काळी असा होता की सातारा, बेळगावपासून जुन्या इंग्रजी गाड्यांचे मालक त्यांच्याकडं यायचे. पण गेली दोन वर्षं त्यांना ऐकू येईनासं झालं होतं. ते कबूल करत नव्हते आणि आम्ही बोलत नव्हतो. नळी माझ्या कानात आली होती. मी ऐकायचो, स्क्रू फिरवायचो, "झालं" म्हणायचो आणि मिस्त्री मान डोलवायचे.

आता इतक्या वर्षांनी सांगायला हरकत नाही. मला त्या दोन आवाजांतला फरक कधीच ऐकू आला नव्हता. चौदा वर्षं मी पत्रा ठोकला होता, माझ्या कानांत कायम एक घणघण असायची. मी मडगार्डवर तळहात ठेवून थरथर मोजायचो, त्यावर अंदाजानं भागवायचो आणि नळी कानात घालून चेहरा गंभीर करायचो. दोन वर्षं हे नाटक बिनबोभाट चाललं होतं.

मिस्त्रींनी त्या माणसाकडं बघितलं, मग माझ्या हातातला अर्धा चहाचा ग्लास घेऊन मडगार्डवर ठेवला. चहावर बारीक लहरी उठत होत्या.

"ये हिकडं," त्यांनी त्याला बोलावलं. "नाव काय तुझं?"

"इनायत. मिरजेचा. आमचं सतार-तंबोऱ्याचं काम."

"पिऱ्या, त्याला नळी दे."

मी नळी दिली. त्यानं ती नीट पुसून घेतली, याचाही मला राग आला. एकदा पुढं, एकदा मागं ऐकलं. कुठला स्क्रू फिरवायचा ते मिस्त्रींनी बोटानं दाखवलं. त्यानं तो इतका थोडा फिरवला की फिरवला का नाही तेच कळेना. परत ऐकलं, परत केसभर फिरवला.

"आता लागलं," तो म्हणाला.

ग्लासातला चहा स्थिर झाला होता. इंजिन चालू आहे हे नुसतं बघून सांगता आलं नसतं.

मिस्त्री चहाकडं बघत राहिले. मग त्यांनी त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. चौदा वर्षांत मी त्यांच्याकडून शिव्या खाल्ल्या, जेवण खाल्लं, माझ्या लग्नात त्यांनी पाहुण्यांना वाढलं, पण माझ्या कामाकडं बघून त्यांचे डोळे कधी भरले नव्हते. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

चकती तयार झाली, पण इनायत मिरजेला गेला नाही. म्हणजे गेला, घरी सांगून दोन दिवसांत परत आला. त्याच्या घरी थोरले दोन भाऊ दुकान सांभाळत होते, त्याच्यावाचून त्यांचं अडत नव्हतं. मिस्त्रींनी त्याला गॅरेजमागची खोली दिली.

त्यानंतरचे पाच आठवडे मी जळत होतो. दुसरा शब्द नाही. मिस्त्री मला "अरे पिऱ्या" म्हणायचे आणि त्याला "इनायतमियाँ". दुपारी मिस्त्रींच्या घरून चाचींचा डबा यायचा, तेव्हा पहिली चपाती त्याच्या ताटात पडायची. एक स्टूल होतं, त्यावर गेली दहा वर्षं मी बसत होतो. आता त्यावर तो बसायचा आणि मी तेलाच्या पिंपावर. तो रोज उठून "दादा, तुम्ही बसा" म्हणायचा. मी रोज "बस बस" म्हणायचो. तो बसला की मनात शिव्या द्यायचो.

तो वाईट असता तर सोपं गेलं असतं. पण तो माझ्या हातांकडं टक लावून बघायचा आणि म्हणायचा, "दादा, कानाचं काय, तो जन्मतः मिळतो. तुमच्यासारखा हात मला दहा वर्षांत यायचा नाही." असं बोलल्यावर माणसानं कुठं तोंड लपवावं?

घरी मी गॅसच्या दोन शेगड्या पेटवून नळीनं ऐकायचा सराव सुरू केला. एकदा ही, एकदा ती. बायको दारात उभी राहून बघत होती.

"काय ऐकताय?" शालननं विचारलं.

"कुठली जास्त आवाज करते ते."

"डावी. ती पहिल्यापासनंच करती. तुमचा कान असाच हाय ओ, मी बोलते त्यातलं तरी कुठं ऐकू येतं तुमास्नी. बाजूला व्हा, भात ठेवायचाय."

तिलासुद्धा ऐकू येत होतं. मी नळी खिशात घातली.

हे सगळं इतकं जिव्हारी लागायचं कारण एक पेटी होती. सागवानी, हातभर लांब, आत हिरवी मखमल आणि मखमलीत खाचा. प्रत्येक खाचेत एक पाना. हे इंग्रजी मापाचे पाने. जुन्या इंग्रजी गाड्यांच्या बोल्टांची डोकी वेगळ्या मापाची असतात, बाजारातला पाना त्यांच्यावर एक तर बसत नाही किंवा कोपरे खाऊन टाकतो. ही पेटी मिस्त्रींना त्यांच्या उस्तादांनी दिली होती, आणि त्या उस्तादांनी संस्थानच्या गाड्या सांभाळल्या होत्या. उद्यमनगरात पेटी ज्याच्याकडं, गाड्या त्याच्याकडं. मिस्त्रींना मुलगा नव्हता. चौदा वर्षं सगळे मला म्हणत आले होते, पेटी तुझीच. मीही तसंच धरून चाललो होतो.

घटस्थापनेच्या दिवशी मिस्त्रींनी आम्हा दोघांना समोर बसवलं.

"माझं आता झालं," ते म्हणाले. "खंडेनवमीला पेटी देणार. कुणाला ते ठरवलं न्हाई. पण एक सांगतो, ह्या गाड्यांना कान पाहिजे. हात काय, शिकून येतो."

ते बोलताना इनायतकडं बघत होते.

गॅरेज मिस्त्रींचं, पण खंडेनवमी तिथं दरवर्षी थाटात व्हायची. सगळी हत्यारं धुऊन पुसून मांडायची, हळदकुंकू, झेंडूची माळ, नारळ. मिस्त्री टोपी घालून स्वतः नारळ फोडायचे. आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्याला डॉक्टर टिकेकरबाई हिरवी गाडी घेऊन गावभर आपट्याचं सोनं द्यायला जायच्या. डॉक्टरसाहेब गेल्यापासून गाडी वर्षातून तेवढीच बाहेर निघायची. त्या वर्षी इंजिनाच्या पोटातून ठोक येत होता म्हणून आम्ही ते खाली उतरवलं. बेअरिंगचं सगळं काम मी केलं. शेवटी इंजिन टेबलावर उलटं ठेवून चेंबर लावायचं राहिलं. चेंबर म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं भांडं, कडेनं दीड डझन बोल्ट.

"चेंबर इनायत लावंल," मिस्त्री म्हणाले. "त्यालाबी हात लागू दे. पिऱ्या, त्याला आट्यांचं सांगितलंस का?"

"सांगतो," मी म्हणालो.

आट्यांचं म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे. टीडीची एक खोड आहे. गाडी अस्सल इंग्रजी, सांगाडा इंग्रजी, बोल्टांची डोकी इंग्रजी मापाची. पण इंजिनाच्या बोल्टांचे आटे मिलिमीटरचे. सांगाड्याचा बोल्ट आणि इंजिनाचा बोल्ट शेजारी ठेवले तर डोळ्यांना जुळे भाऊ दिसतात, पाना दोघांनाही तोच लागतो, अडीच सुताचा, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. पण सांगाड्याचा बोल्ट इंजिनात घातला तर दोनतीन आटे गोडीत जातो आणि अडतो. तिथं पाना लावून जोर केला की संपलं. एक तर आटे मरतात, नाहीतर बोल्ट आतच तुटतो. म्हणून आमच्या गॅरेजात नियम होता, पाच आटे बोटांनी. बोल्ट कुठलाही असो, पाच आटे नुसत्या बोटांनी फिरला तरच पाना उचलायचा. माझ्या पहिल्याच आठवड्यात मिस्त्रींनी मला हे एक थोबाडीत देऊन शिकवलं होतं.

दोन्ही बोल्टांचे दोन तुपाचे डबे फळीवर शेजारी शेजारी असायचे. इंजिनाच्या डब्यावर लाल रंगाचा पट्टा होता, तो केव्हाच उडाला होता. मला बघायची गरज नव्हती, माझ्या बोटांना कळायचं.

मी इनायतला सांगितलं नाही. विसरलो असं नाही. त्या दिवशी सकाळी दोनदा आणि जेवताना एकदा माझ्या तोंडाशी आलं होतं. दरवेळी मी म्हटलं, सांगू नंतर.

दुपारी तीनच्या सुमारास मिस्त्री नमाज पढायला गेले होते. मी कोपऱ्यावरून चहाचे दोन ग्लास घेऊन आलो आणि दारातच थांबलो. इनायत माझ्याकडं पाठ करून टेबलापाशी उभा होता. चेंबर बसलं होतं, बोल्ट लागले होते, फक्त दोन जागा रिकाम्या होत्या. त्याच्या हाताखालच्या बशीतले बोल्ट संपले होते. तो फळीपाशी गेला, डबा उचलला, दोन बोल्ट घेतले.

डबा सांगाड्याचा होता.

मी बघितलं. डब्याला पोचा होता, तो मला दारातून दिसत होता. इनायतनं पहिला बोल्ट भोकात ठेवून बोटांनी फिरवला. एक आटा. दोन. तिसऱ्याला बोल्ट अडला. त्यानं हात थांबवला. मान किंचित तिरकी केली आणि तसाच उभा राहिला, पाच-सहा सेकंद असेल. हातातल्या ग्लासांनी माझी बोटं भाजत होती. एक शब्द पुरला असता. "थांब" म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी ग्लास गच्च धरून उभा राहिलो. श्वाससुद्धा हळू घेतला.

त्यानं पाना उचलला.

पहिला बोल्ट कुरकुरत आत गेला, ती कुरकुर मलासुद्धा ऐकू आली. त्यानं दुसरा लावला आणि जोर केला. कट्कन आवाज आला. बोल्टाचं डोकं पान्यात राहिलं आणि धड इंजिनात.

मी दोन पावलं मागं सरकलो, गल्लीत गेलो आणि तिथून चपला वाजवत परत आलो.

"चहा," मी म्हणालो. "काय झालं?"

इनायत पांढराफटक पडला होता. तुटलेलं डोकं त्यानं माझ्यापुढं धरलं. "दादा, तुटला. मी काय चुकलो?"

मी बोल्ट हातात घेऊन उगीच निरखून बघितला. "डबा चुकला," मी म्हणालो. खंडेनवमीला तीन दिवस राहिले होते.

मिस्त्री आले. त्यांनी इंजिनावरून बोट फिरवलं, एका भोकाचे आटे मेले होते, दुसऱ्यात बोल्ट अडकून बसला होता. मला वाटलं आता इनायतच्या थोबाडीत बसणार. मी वाट बघत होतो. त्यांनी हात उचलला नाही.

"पिऱ्या, निघंल का?" एवढंच विचारलं.

"निघंल," मी म्हणालो. "टॅप आणाय लागंल."

टॅप म्हणजे आटे पाडायचं हत्यार. त्या मापाचा कोल्हापुरात मिळेना. मी दिवसभर सायकल मारत उद्यमनगर पालथं घातलं आणि शेवटी एका म्हाताऱ्या हत्यारवाल्याकडून बनवून घेतला. मग तुटलेल्या बोल्टाच्या बरोबर मधोमध खूण करून हातड्रिलनं थोडंथोडं भोक पाडत गेलो. ड्रिल जरा कलंडलं तर इंजिनाचा पत्ता कट. मिस्त्री समोर बसून बघत होते. इनायत दिवा धरून उभा होता. दुसऱ्या दिवशी दुपारी बोल्टाचा उरलेला तुकडा स्प्रिंगसारखा गोल फिरत बाहेर आला आणि आतले आटे शाबूत होते. मेलेल्या भोकात मी बारीक नळीसारखा पितळी बुश बसवून नवे आटे पाडले. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात चांगलं काम. त्याहून चांगलं मी पुढं कधी केलं नाही.

"शाबास," मिस्त्री म्हणाले. चौदा वर्षांत पहिल्यांदा. मी इतका खूश झालो की हे काम का निघालं होतं तेच थोडा वेळ विसरलो.

इंजिन गाडीत चढलं. कार्बोरेटर इनायतनं लावले. मडगार्डवरचा चहा हलला नाही.

खंडेनवमीला सकाळी हत्यारं मांडली. मधोमध पेटी, तिच्यावर झेंडूची माळ. शेजारचे लेथवाले, पेंटर, सगळे जमले. मिस्त्रींनी नारळ फोडला, खोबरं वाटलं, आणि पेटी दोन्ही हातांनी उचलून माझ्यापुढं धरली.

"चौदा वर्षं झाली," ते म्हणाले. "ही पिराजीची."

त्यांनी पूर्ण नाव घेतलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात इनायतनं. मी वाकून मिस्त्रींच्या पाया पडलो. जीव भांड्यात पडला. पेटी तशीच माळेसकट परत मांडली. पूजेला बसलेली हत्यारं दसऱ्याच्या सकाळपर्यंत हलवायची नाहीत, पेटी उघडायची नाही, हीसुद्धा आमच्याकडची रीत.

त्याच दुपारी इनायत निघाला. मिरजेला परत, कायमचा. मिस्त्रींनी सांगितलं म्हणून मी त्याला स्कूटरवरून स्टँडवर सोडायला गेलो. पेटी मिळाल्यामुळं माझं मन मोठं झालं होतं. वाटेत थांबून मी त्याला उसाचा रस पाजला.

"राहायचं होतंस की," मी म्हणालो. आता म्हणायला माझं काय जात होतं?

"नको दादा. माझ्या हातून बाईंची गाडी मेली असती. आमचं लाकडाचं कामच बरं." तो हसला. "मी तर निर्धास्त होतो ना त्या दिवशी. तुम्ही मागं उभे होता."

ग्लास माझ्या तोंडाशीच राहिला.

"बोल्ट अडला, तेव्हा मला वाटलंच, काहीतरी चुकतंय," तो म्हणाला. "मी थांबलो. तुम्ही बोलताय का बघितलं. तुम्ही काही बोलला नाही, मग म्हटलं बरोबर असेल. जोर कमी पडत असेल आपला."

"मी... तू मागं वळला नव्हतास."

"वळायला कशाला लागतं? तुमचा श्वास ओळखतो की मी. नाकात बारीक शिट्टी वाजते तुमच्या, डाव्या बाजूला." त्यानं रसाचा शेवटचा घोट घेतला. "मिस्त्रींनीपण विचारलं होतं, तुम्ही टॅप आणायला गेला होता तेव्हा. पिराजी कुठं होता म्हणाले. मी सांगितलं, मागंच होते, चहा घेऊन."

"मग?"

"मग काय नाही. गप्प बसले."

मी त्याच्या चेहऱ्याकडं बघितलं. टोमणा सापडला असता तर मी तो हातांनी धरून ठेवला असता. टोमणा नव्हता. तो मला घडलेलं सांगत होता. त्याच्या मते मी दारात उभा राहून त्याचं काम बघितलं होतं आणि माझ्याही नजरेतून चूक सुटली होती.

मिरजेची गाडी लागली. पिशवी वर चढवताना तिच्या तळाशी काहीतरी जड वाजलं.

"मिस्त्रींनी आठवण म्हणून दिलंय," तो म्हणाला.

खरं सांगतो, त्याही क्षणी माझ्या मनात पहिला विचार हाच आला, ह्याला काय दिलं असेल?

दसऱ्याला सकाळी मी सगळ्यांच्या आधी गॅरेजात गेलो. मिस्त्री स्टुलावर बसले होते. मी माळ बाजूला केली आणि पेटी उघडली. हिरव्या मखमलीवर पाने ओळीनं पहुडले होते, तेल लावून पुसलेले. मधे एक खाच रिकामी होती. मी बोट घालून बघितलं. अडीच सुताचा.

इतर कुठला पाना नसता तर महिना-दोन महिने मला कळलंही नसतं. अडीच सुताचा रोज लागतो.

"मिस्त्री," मी म्हणालो, "एक पाना कमी आहे."

ते रस्त्याकडं बघत होते. ऐकू गेलं नसेल असं वाटून मी जवळ गेलो आणि मोठ्यानं म्हणालो, "अडीच सुताचा न्हाई पेटीत."

"ठाव हाय," ते म्हणाले.

"मग मी—"

"हात तुझा चांगला हाय. ह्या गाड्यांना तुझ्याबिगर कोण हाय आता? म्हणून पेटी दिली." ते माझ्याकडं बघत नव्हते. "पाना इनायतकडं हाय. लागंल तवा मिरजेला जा आणि त्याच्याकडनं मागून आण. मी तुला कशासाठी न्हाई दिला, ते त्याला सांग. मग तो दील."

तेवढ्यात डॉक्टर टिकेकरबाई आल्या, हातात आपट्याची पानं. त्यांनी पहिलं सोनं मिस्त्रींना दिलं, दुसरं मला. "पिराजी, ऐकलं मी. तुम्ही गाडी वाचवलीत," त्या म्हणाल्या. मिस्त्रींनी मान डोलवली. मी सोनं खिशात घातलं आणि गाडी चालू करून दिली.

मिस्त्री पुढं सहा वर्षं होते. रोज येऊन स्टुलावर बसायचे, चहा घ्यायचे, चुकलं तर शिव्या द्यायचे. पान्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. दर खंडेनवमीला फक्त पेटी उघडून बघायचे आणि बंद करायचे.

आता गॅरेज माझं आहे. डॉक्टरबाई गेल्या, गाडी त्यांची नात चालवते. दर दसऱ्याआधी ती आणून लावते आणि म्हणते, काका, आजी म्हणायची तसा आवाज काही लागत नाही. मी म्हणतो, गाडी म्हातारी झाली. कार्बोरेटर मी अजूनही मडगार्डवर तळहात ठेवून लावतो. चहाचा ग्लास मात्र ठेवत नाही.

इनायतचं मिरजेत दुकान आहे, दर्ग्याच्या मागच्या गल्लीत. तंबोरे करतो, लांबून लांबून गवई येतात म्हणे. कोल्हापुरातून मिरजेला जायला तास-दीड तास लागतो. एकदा मी मिरजेच्या अलीकडं जयसिंगपूरपर्यंत गेलो होतो, तिथून परत फिरलो.

अडीच सुताच्या जागी मी बाजारातला एक पाना कानस मारून मापाचा करून घेतला. त्यानंच सगळं काम भागतं. खाचेत तो जरा सैल बसतो, पेटी उचलली की खडखडतो.